बरं वाटतं त्या दिवसांचं औषध

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीचे साडेतीन-चार वाजलेले असतात आणि खोकल्याची ढास लागून जाग येते. उठून बसलं, पाठीला दोन उशा लावल्या की जरा बरं वाटतं. सकाळी कामाच्या धांदलीत रात्रीची गोष्ट मागे पडते. माझं हे असं जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. धूळ गेली असेल, हवा बदलली असेल, सर्दी छातीत उतरली असेल, असं काही ना काही कारण मी दर वेळी शोधून काढत होते. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या एकामागून एक संपत होत्या. दम्याची शंका मात्र एकदाही आली नाही. दमा म्हणजे छातीत मोठ्याने घरघर आणि चार पावलं टाकली की धाप, एवढंच मला माहीत होतं. नुसता खोकला, तोही रात्रीचाच, हेसुद्धा दम्याचं लक्षण असू शकतं हे मला ऐकूनही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. जाग किती वाजता येते? खूप हसलात की खोकला सुटतो का? जिना चढताना दम लागतो, की चढून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते? लहानपणी सारख्या शिंका यायच्या का, अंगाला खाज सुटायची का, घरात आणखी कुणाला त्रास आहे का? मी एकेक उत्तर देत गेले आणि इतके दिवस सुटी सुटी वाटणारी दुखणी एकाच आजाराची निघाली.

मग स्पायरोमेट्री झाली. या तपासणीला घाबरण्यासारखं काहीच नाही. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी धरायची, छाती गच्च भरून घ्यायची आणि एका दमात सगळी हवा बाहेर फुंकायची. तपासणाऱ्या ताई शेजारी उभ्या राहून ओरडत होत्या, ‘सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका!’ डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या सेकंदात माझ्या छातीतून २.१ लिटर हवा बाहेर पडली. नंतर श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढायला दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी आकडा आला २.५. मोठ्या माणसात हा आकडा औषधानंतर १२ टक्क्यांहून जास्त आणि शिवाय २०० मिलिलिटरहून जास्त वाढला, तर श्वासनलिका आवळलेल्या होत्या आणि औषधाने सैल झाल्या, असं डॉक्टर धरतात. माझ्या चारशे मिलिलिटरच्या फरकाने निदान पक्कं झालं. इथे एक सांगायला हवं. दमा रोज सारखा नसतो, त्यामुळे बऱ्या दिवशी केलेली तपासणी अगदी चांगली येऊ शकते. तेवढ्यावर दमा नाही असं ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर पीक फ्लो मीटर नावाचं छोटं साधन देतात. त्यात दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडे वहीत लिहून ठेवायचे. त्या आकड्यांच्या चढउतारात दमा दिसतो.

आता आत नेमकं काय होतं ते समजावं म्हणून एक गोष्ट करून पाहा. आत्ता ज्यांना दम लागतो आहे त्यांनी नुसतं ऐका. पूर्ण श्वास घ्या आणि अर्धाच सोडा. त्यावर पुन्हा श्वास घ्या, पुन्हा अर्धाच सोडा. आणखी एकदा. छाती फुगलेलीच राहिली ना? पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. दम्याच्या झटक्यात हेच होतं. हवा आत येत नाही असं वाटतं, पण अडचण मुख्यतः हवा बाहेर सोडण्याची असते. श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि उरलेली वाट कफाने चोंदते. त्या अरुंद वाटेने हवा बाहेर पडताना शिट्टी वाजते.

यातले आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करता येतात. सूज उतरायला मात्र दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून औषधंही दोन प्रकारची असतात. साल्ब्युटामॉलचा पंप चटकन मोकळं करतो, पण त्याचा असर चार-सहा तासांत ओसरतो. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, आणि माझी चूक नेमकी इथे झाली. तीन महिने तो नियमाने घेतला. रात्रीची झोप लागायला लागली, खोकला गेला. मला वाटलं, बरी झाले. कुणालाही न विचारता मी तो बंद केला. पुढे एक साधी सर्दी झाली आणि तिसऱ्या रात्री मला एक वाक्य सलग बोलता येईना. दोन शब्द, श्वास, पुन्हा दोन शब्द. रुग्णालयात नेईपर्यंत घरातल्यांचे चेहरे कसे झाले होते ते मी विसरलेले नाही. श्वास मोकळा असतो त्या दिवशीही सूज हळूहळू परतत असते. ते औषध बऱ्या दिवसांसाठीच असतं, ही गोष्ट मला त्या रात्रीने शिकवली.

तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी म्हटलं, ‘पंप कसा घेता ते दाखवा बरं.’ मी दाखवला. दाबल्याबरोबर तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा बाहेर आला. म्हणजे इतके महिने बरंचसं औषध माझ्या जिभेवर आणि हवेत जात होतं. मी आधी दाबत होते आणि मग ओढत होते. त्यांनी पुन्हा शिकवलं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश ओढायला सुरुवात करताच दाबायचं, ओढत राहायचं आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे बसवायची पोकळ नळी, फार उपयोगी पडते. मोठ्यांनी ती वापरण्यात कमीपणा कसला? पावडरीचा पंप असेल तर रीत उलटी आहे, तो जोराने ओढावा लागतो. आणि स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं, नाहीतर तोंडात बुरशी येते, आवाज बसतो. पुढच्या भेटीला आपला पंप बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला वाईट वाटतं. कारण त्या भीतीने लोक गोळ्यांवर दिवस काढतात. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. चाळीस पट कमी औषध थेट हवं तिथे पोहोचतं. हा खिशात मावणारा पंप १९५६ साली बाजारात आला, तोही दमा असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नामुळे. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत, असं तिने वडिलांना विचारलं. वडील औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर भागवत राहणं धोक्याचं असतं. सूज आत तशीच राहते आणि मोठा झटका येतो. दम्याच्या उपचारांची जगभर वापरली जाणारी जी मार्गदर्शक सूत्रं आहेत, त्यांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना असा एकटा पंप देऊ नये असं सांगितलं आहे. आता अनेकांना दोन्ही प्रकारची औषधं एकत्र असलेला एकच पंप देतात. तुमचा कोणता आहे ते विचारून घ्या.

कशाने त्रास होतो हे प्रत्येकाचं निराळं असतं. धूर मात्र सगळ्यांनाच बाधतो, मग तो सिगारेटचा असो की आणखी कशाचा. काहींना अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीने किंवा रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी झटका येतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी दमा आहे हे आधी सांगा. व्यायाम सोडू नका. आधी अंग हळूहळू गरम करून घ्या, एवढंच.

दर महिन्याच्या अखेरीला मी स्वतःला चार प्रश्न विचारते. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री दम्याने जाग आली का? मोकळं करणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांना फोन करते.

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: ताठ बसवा, आडवं करू नका. निळा पंप (साल्ब्युटामॉलचा, मोकळं करणारा) स्पेसरमधून, एक फवारा, अर्ध्या-एक मिनिटाने दुसरा, असे दहापर्यंत. तेवढ्याने उतार पडला नाही, बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा घरघर अचानक थांबून माणूस सुस्त झाला, तर रुग्णवाहिका बोलवा. खाली तो नंबर आणि पंप कुठल्या खणात आहे ते. घरातल्या सगळ्यांनी तो वाचला आहे, आणि धाकट्याने मला दोनदा स्पेसर जोडून दाखवला आहे.

नमस्कार.