आंडेर की आंडोर

अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. फरक एका कान्याचा. आता विचार करा, साक्रीच्या किंवा अमळनेरच्या कोर्टात वाटणीचा दावा चालू आहे, पुकारा होतो, एक म्हातारी पदर सारखा करत साक्षीच्या पिंजऱ्यात येते आणि म्हणते, "ती मनी आंडेर शे." समोर बसलेला जज लातूरचा किंवा सांगलीचा असू शकतो, वय तीसच्या आत, खानदेशात पहिलंच पोस्टिंग. तो क्षणभर थांबतो, वकिलाकडे बघतो, वकील म्हणतो मुलगी साहेब, आणि स्टेनो टाइप करतो, "ती माझी मुलगी आहे." झालं, अहिराणीची मराठी झाली. पुढे हे प्रकरण अपिलात हायकोर्टात गेलं की त्या मराठीची इंग्रजी होते, कारण महाराष्ट्रात तालुका-जिल्हा कोर्टाची भाषा १९९८ च्या नोटिफिकेशननंतर मराठी आहे आणि हायकोर्टाची भाषा घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. म्हणजे जो शेवटी ठरवणार आहे की वावर कोणाचं, त्याच्या टेबलावर ती म्हातारी पोचते ती दोनदा भाषा बदलून आणि चेहरा मागे ठेवून.

ही गोष्ट त्या टेबलामागच्या माणसाची आहे. अपील ऐकणाऱ्या जजची.

आपल्याकडे अपील म्हटलं की डायरेक्ट हायकोर्टच आठवतं, पण पहिलं अपील बऱ्याचदा आपल्या जिल्ह्यातच असतं. तालुक्याच्या सिव्हिल जजने दिलेल्या निकालावर तीस दिवसात जिल्हा न्यायाधीशाकडे अपील करता येतं, म्हणजे सकाळी खुनाच्या खटल्यात साक्षी नोंदवणारा धुळ्याचा किंवा जळगावचा जज दुपारी बांधाच्या भांडणात अपिलाचा जज होऊन बसतो. तिथेही हरलात तर सेकंड अपील, नव्वद दिवसात, हायकोर्टात. पण सेकंड अपिलात गोची अशी की १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिथे फक्त कायद्याचा ठोस प्रश्न असेल तरच सुनावणी होते, बांध कोणी सरकवला हे परत विचारता येत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगणं वकिलांना फार जड जातं, कारण त्याच्यासाठी बांध हाच प्रश्न असतो, त्याच्या पलीकडे कसला कायदा.

माझा आजा असाच एकदा साक्षीला उभा राहिलेला, उलटतपास संपल्यावर जजला म्हणाला, "साहेब, येकदाव बांध देखी ल्या." एकदा बांध बघून घ्या. तेवढी एक ओळ कुठेच लिहिली गेली नाही. त्यात जजचा काही दोष नाही, जबाबात ते बसतच नव्हतं. पण मी जेव्हा जेव्हा अपिलाचा विचार करतो तेव्हा मला ती न लिहिलेली ओळ आठवते, कारण अपिलाच्या जजला जे लिहिलं गेलं तेवढंच मिळतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १८ रूल १२ आहे, साक्षीदाराचं वागणं कसं होतं, अडखळला का, नजर चुकवली का, याची नोंद खालचा जज करू शकतो. पण ही नोंद दर वेळी होतेच असं नाही, बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, रोज इतकी मॅटर्स असतात की जबाब पूर्ण झाला तरी मिळवलं. म्हणूनच वरची कोर्टं पुन्हा पुन्हा सांगतात की ज्याने साक्षीदार डोळ्याने बघितला त्याच्या मताला वजन द्या.

मग हा वरचा जज येतो कुठून? दोन वाटा आहेत.

पहिली वाट खालून वर. लॉ झालं, वकिली केली, एमपीएससीची परीक्षा दिली, भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत ट्रेनिंग, आणि मग पहिली नेमणूक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली, मला ती बरोबर वाटते, कारण कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहिल्याशिवाय पक्षकार म्हणजे काय ते कळत नाही. त्यानंतर साधारण दर तीन वर्षांनी बदली. आज चोपडा, उद्या गडहिंग्लज, परवा परभणी. पोरांच्या शाळा बदलतात, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी दुसऱ्याच गावी, भाड्याच्या टेम्पोत तेच कपाट चौथ्यांदा चढतं. गावात मित्र करायचे नाहीत, लग्नाला जाताना दहा वेळा विचार करायचा, दुकानदाराने उधार नको म्हटलं तरी पैसे मोजून द्यायचे, कारण उद्या तोच दुकानदार कठड्यापलीकडे उभा असेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा काळा कोट घालून बसलेला हा माणूस बाहेरून साहेब दिसतो, पण तो आतून किती एकटा असतो ते त्याच्या घरच्यांनाच माहीत.

सिव्हिल जजचा सीनियर सिव्हिल जज होतो, मग जिल्हा न्यायाधीश, आणि फार थोड्यांचं नाव पुढे हायकोर्टासाठी जातं. तोवर पन्नाशी उलटून गेलेली असते आणि हायकोर्टाच्या जजचं रिटायरमेंट ६२ ला, म्हणजे हातात उरतात पाच-सात वर्षं.

दुसरी वाट वकिलीतून थेट. घटनेच्या कलम २१७ प्रमाणे हायकोर्टात दहा वर्षं वकिली पाहिजे, प्रत्यक्षात वीस-बावीस वर्षं झालेल्यांचीच नावं येतात. कॉलेजियम, म्हणजे सीनियर जजांची समिती, नाव पाठवतं, सरकारकडे फाइल फिरते, कधी पटकन होतं, कधी वर्ष जातं, आणि मधल्या काळात त्या वकिलाला ना नवीन मोठ्या केसेस घ्याव्याशा वाटतात ना सोडाव्याशा. चालणारी प्रॅक्टिस असेल तर महिन्याला सव्वादोन लाख पगार म्हणजे उत्पन्न खाली येतं हे उघड आहे, तरी लोक हो म्हणतात. सुरुवात सहसा ॲडिशनल जज म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम. शेवटी नेमणुकीच्या वॉरंटवर सही राष्ट्रपतींची. इथे खानदेशी माणसाची छाती थोडी फुगते, कारण २००७ ते २०१२ या काळात ती सही करणाऱ्या प्रतिभाताई पाटील स्वतः जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या.

आणि आमच्या धुळ्याचं अजून एक नाव न्यायाच्या इतिहासात आहे. १८७९ साल. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने इंग्रज सरकार बिथरलं होतं, सुशिक्षित पुणेकरांवर संशय होता, आणि नाशिकला सबजज असलेल्या महादेव गोविंद रानड्यांची बदली धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात होती. एक न्यायाधीश रोज कोर्टात बसून लोकांच्या जमिनींचे, कर्जांचे निकाल देतोय आणि त्याच्याच टपालावर सरकारची नजर आहे, आणि त्याला ते माहीत आहे. मला हे फार भारी वाटतं की त्या माणसाने काम तसूभर ढिलं केलं नाही. १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे जज झाले, १९०१ मध्ये जाईपर्यंत. १८६२ ला सुरू झालेल्या त्या हायकोर्टात पहिला भारतीय जज, नानाभाई हरिदास, कायम व्हायला १८८४ उजाडलं होतं हे लक्षात घेतलं की रानड्यांची खुर्ची किती अवघड होती ते कळतं.

तेव्हा खानदेशचं अपील म्हणजे मुंबई. रेल्वेने जायचं, धर्मशाळेत उतरायचं, तारीख पुढे गेली की परत. १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसायला लागलं, त्याला आव्हान देणारं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे खंडपीठ टिकलं. आज धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं अपील तिकडेच जातं, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. जळगावहून अजिंठ्यावरून, धुळ्याकडून चाळीसगाव करत कन्नडच्या घाटाने. पहाटेच्या एसटीत मांडीवर पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, असे चेहरे तुम्हाला आजही दिसतील.

त्या चेहऱ्यांना आत गेल्यावर दिसतं काय, तर लांबवर उंच बसलेले एक किंवा दोन जज आणि इंग्रजीत चाललेलं बोलणं. दोन मिनिटात मॅटर संपतं आणि माणूस बाहेर येऊन वकिलाला विचारतो, काय झालं? त्याला वाटतं साहेबांनी वाचलंच नसेल. पण बहुतेक वेळा ते आदल्या रात्री वाचलेलं असतं. जजचं खरं काम कोर्टात दिसतच नाही. साडेदहाला चोपदार पुढे चालतो, साहेब खुर्चीवर बसतात, दिवसभर बोर्ड चालतो, संध्याकाळी चेंबरमध्ये ऑर्डर तपासणं, आणि मग बंगल्यावर दुसऱ्या दिवशीचे गठ्ठे. पेपरबुक म्हणजे प्रकरणातल्या कागदांचा बांधलेला संच, नकाशे, पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट. जन्मठेपेचं अपील असेल तर दोन जजांचं बेंच, आणि खाली फाशी झाली असेल तर हायकोर्टाने कन्फर्म केल्याशिवाय ती देता येत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी. अशी फाइल घरी नेणाऱ्याला त्या रात्री झोप कशी लागत असेल, मला खरंच समजत नाही.

खानदेशातून थेट हायकोर्टात जाणाऱ्या फर्स्ट अपिलांमध्ये भूसंपादनाची प्रकरणं खूप. धरण, पाझर तलाव, कालवे, हायवे. गुंठ्याला किती भाव, विहीर धरली का, केळीची बाग होती की कोरडवाहू. ज्या जजने कधी काळी रावेर-यावलकडे नोकरी केली असेल त्याला केळी म्हणजे काय, तिला किती पाणी लागतं, हे पेपरबुकात शोधावं लागत नाही. बदल्यांच्या त्रासाचं हे एवढं एक फळ.

पाण्याखाली गेलेल्या जमिनीचं सगळ्यात मोठं प्रकरण मात्र सातपुड्यातलं. अक्कलकुव्याचं मणिबेली, धडगावची नर्मदाकाठची गावं, सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं. १९९४ मध्ये नर्मदा बचाव आंदोलन सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल लागला १८ ऑक्टोबर २००० ला, तीन जजांचं बेंच, दोन विरुद्ध एक. न्या. कृपाल आणि न्या. आनंद यांनी धरण पुढे न्यायला परवानगी दिली. न्या. भरूचा, जे १९७७ ला आपल्याच मुंबई हायकोर्टात जज झालेले, त्यांनी वेगळं लिहिलं, की पर्यावरणाची मंजुरी पुरेशा अभ्यासाशिवाय दिली गेली, तो अभ्यास होईपर्यंत काम थांबवा. बहुमत झालं, भिंत वाढली, गावं गेली. पण दोन सहकारी एका बाजूला असताना तिसऱ्याने आपलं मत कागदावर ठेवणं, आणि निकाल आपल्या विरुद्ध जाणार हे माहीत असूनही ते पूर्ण कारणांसह लिहिणं, हे मला अपिलाच्या जजचं सगळ्यात कठीण काम वाटतं. त्या खटल्यातले तिघेही कधी ना कधी भारताचे सरन्यायाधीश झाले.

६२ व्या वर्षी निरोप. कायम जज राहिलेल्या माणसाला आपल्याच हायकोर्टात परत वकिली करता येत नाही, सुप्रीम कोर्टात किंवा दुसऱ्या हायकोर्टात करता येते. कोणी लवादाचं काम घेतं, कोणी आयोगावर जातं, कोणी शांतपणे गावी.

आणि फाइल? ती पण परत येते. निकाल लागला की मूळ रेकॉर्ड, ज्याला कोर्टातले लोक आर अँड पी म्हणतात, ते लाल कापडात बांधून खालच्या कोर्टात येतं. घाट उतरून परत साक्री, परत अमळनेर. क्लार्क रजिस्टरला नोंद करतो, गठ्ठा रॅकवर चढवतो. आत पिवळ्या पडलेल्या जबाबाखाली म्हातारीचा अंगठा आहे, वर इंग्रजी निकालाची नक्कल, तिच्यावर जजचं नाव.

आमच्या निकालाची नक्कल आली तेव्हा काकाने ती वाचून दाखवली, आजाने सगळं ऐकून घेतलं आणि जिंकलो का हरलो याच्याही आधी विचारलं, "तो साहेब कोन गावना शे?"