नव्या रंगाचे पहिले ९० दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीला नवा रंग देऊन ती ताब्यात मिळते, तेव्हा पत्र्यावरून हात फिरवला तर हाताला काही लागत नाही, बोनेटमध्ये आकाश स्वच्छ दिसते, आणि साहजिकच मालकाला वाटते की काम पूर्ण झाले. प्रत्यक्षात त्या चकचकीत थराच्या आत अजून बरेच काही घडत असते. पुढचे काही आठवडे आपण गाडीशी कसे वागतो, यावर ही झळाळी वर्षानुवर्षे टिकणार की लवकरच मंदावणार, हे मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणून आज मी याच काळाबद्दल बोलणार आहे.

आजकाल गाडी पुन्हा रंगवताना बहुधा आधी प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असा क्रम असतो. या क्लिअर कोटमध्ये फवारणीपूर्वी हार्डनर मिसळलेला असतो. फवारणी झाल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात: थिनर हळूहळू उडून जातो आणि हार्डनर व रेझिन (क्लिअर कोटमधला मुख्य, थर बांधणारा घटक) यांची रासायनिक अभिक्रिया होऊन त्यांचे एक घट्ट जाळे विणले जाते. पहिली गोष्ट बरीचशी झाली की रंग स्पर्शाला कोरडा लागतो. दुसरी मात्र पुढे कित्येक दिवस चालू राहते. सिमेंटचा गिलावा दुसऱ्या दिवशी टणक लागला तरी त्याची मजबुती पुढे अनेक दिवस वाढत असते, तसेच हे आहे. कोरडे होणे आणि पक्के होणे यांतला हा फरक ज्याच्या लक्षात आला, त्याला पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण आपोआप कळते.

कोणी म्हणेल की कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीबाबत इतके पथ्य पाळावे लागत नाही, मग इथेच का? याचे कारण उष्णतेत आहे. कारखान्यात रंग दिला जातो तेव्हा गाडी म्हणजे केवळ धातूचा सांगाडा असतो. त्यामुळे वरचे थर सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजता येतात आणि ते तिथेच जवळजवळ पूर्ण पक्के होतात. पुढे कधी तीच गाडी पुन्हा रंगवायची झाली, तर तिच्यात रबर, प्लास्टिक, गाद्या, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग असतात, त्यांना एवढी उष्णता सोसवणार नाही. म्हणून चांगल्या पेंट बूथमध्येही पत्र्याचे तापमान साधारण ६० अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवतात आणि उरलेले काम काळावर सोपवतात. बूथ नसेल आणि रंग उघड्या हवेत वाळवला असेल, तर हा काळ आणखी लांबतो. थंडीत तो अधिकच लांबतो.

यातून पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य निघते: नव्या रंगावर लगेच वॅक्स लावू नये. रंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या असतात, तरी सर्वसाधारणपणे ३० ते ९० दिवस थांबावे असे सांगितले जाते. वॅक्स किंवा सीलंट पृष्ठभागावर एक आवरण तयार करते. आत राहिलेल्या थिनरला बाहेर पडायची वाट हवी असताना असे आवरण त्याचा वेग मंदावते, थर अधिक काळ मऊ राहतो आणि चमक मंद पडण्याची शक्यता वाढते. सिरॅमिक कोटिंग आणि रंग वाचवण्यासाठी लावली जाणारी पारदर्शक फिल्म यांनाही हाच नियम लागू आहे. फिल्मबाबत तर धोका अधिक आहे, कारण ती न मुरलेल्या रंगावर चिकटवली आणि पुढे काढावी लागली, तर रंगही तिच्याबरोबर उचलला जाऊ शकतो. याच कारणाने स्टिकर आणि चिकटपट्टीसुद्धा या काळात लावू नयेत. आपल्या गाडीवर नेमका कोणता क्लिअर कोट वापरला आहे आणि त्याच्या उत्पादकाने किती दिवस सांगितले आहेत, हे गाडी ताब्यात घेतानाच रंगाऱ्याला विचारून घ्यावे. त्याचे उत्तर माझ्या सर्वसाधारण आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल.

थांबण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. कामातला एखादा दोष, म्हणजे बारीक फोड, सँडपेपरच्या रेघा किंवा चमक मंद पडणे, कधीकधी काही आठवड्यांनीच वर दिसतो आणि तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो. अनेक पॉलिशांमध्ये सिलिकॉन असते. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही आणि रंगारी ज्याला फिश आय म्हणतात ते बारीक गोल खड्डे पडतात. चकाकीच्या घाईपायी आपण दुरुस्तीची वाट अवघड करून ठेवतो.

वॅक्स नको म्हणजे धुणेही नको, असे मात्र नाही. पहिला आठवडा शक्य तो गाडी धुवू नये. पाऊस पडला तर घाबरण्याचे कारण नाही, पण पाण्याचे थेंब उन्हात तसेच वाळू देऊ नयेत. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि मऊ रंगावर त्यांचे डाग पटकन धरतात. त्यानंतर सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना, साध्या पाण्याने आणि गाड्यांसाठीच्या सौम्य शॅम्पूने हाताने धुवावे. भांडी घासण्याचा किंवा कपडे धुण्याचा साबण वापरू नये. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईपासून तर दूरच राहावे, कारण आधीच्या गाड्यांची माती त्या ब्रशांत अडकलेली असते. जोरदार फवाऱ्याचे यंत्रही निदान कडा आणि सांध्यांजवळ आणू नये. रंगाची पकड तिथेच सर्वांत कमी असते.

धुण्याच्या पद्धतीवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण माझ्या मते गाडीचा रंग ऊन-पावसापेक्षा चुकीच्या पुसण्याने जास्त खराब होतो. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ६० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या एका केसापेक्षाही बहुधा कमी. धुळीचे कण कठीण असतात, आणि कोरड्या फडक्याने वा पिसांच्या झाडणीने धूळ झटकली की ते कण त्या पातळ थरावर घासले जातात. उन्हात तिरकस पाहिल्यावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, ते असे तयार होतात. रोज सकाळी गाडी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय असेल, तर नव्या रंगासाठी ती आजच सोडून द्यावी. आधी भरपूर पाणी सोडून सुटी माती वाहू द्यावी, मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. छतापासून सुरुवात करून खाली यावे, चाकांलगतचा घाणेरडा भाग शेवटी आणि वेगळ्या फडक्याने घ्यावा. शेवटी स्वच्छ, जाड मायक्रोफायबरने पाणी टिपावे. दाबून घासू नये. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर धुण्याच्या दिवसाची वाट पाहू नये. तिच्यातील आम्ल रंगाला बाधते, आणि उन्हाने तापलेल्या थरावर ती वाळली की तिचा ठसा कायमचा उमटतो. भिजवलेले फडके तिच्यावर काही मिनिटे ठेवावे आणि ती मऊ झाल्यावर अलगद उचलून घ्यावी. झाडाचा चीक, मेलेले किडे, टाकीजवळ सांडलेले पेट्रोल यांनाही तितक्याच तत्परतेने धुवावे. ब्रेक ऑइल मात्र सगळ्यांत घातक आहे. ते रंग अक्षरशः उचलते, त्यामुळे एक थेंब जरी पडला तरी त्याच क्षणी भरपूर पाणी ओतावे.

झाडाखाली गाडी उभी करू नये, हे यावरून स्पष्टच आहे. छप्पर असलेली, हवा खेळती असलेली जागा उत्तम. कापडी कव्हर घालून गाडी सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते, पण या दिवसांत कव्हर ओलावा आणि थिनरची वाफ कोंडून ठेवते, शिवाय वाऱ्याने ते हलले की खालची धूळ रंगावर घासत राहते. महिना-दोन महिने कव्हर न घातलेलेच बरे.

रंग पूर्ण मुरल्यावर पॉलिश करायचे झाले तर तेही हात राखून. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा घासून काढणेच असते, आणि एकदा गेलेला थर परत येत नाही. किरकोळ धूळकण किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा राहिला असेल, तर तो रंगाऱ्याकडूनच आणि त्याने सांगितलेल्या वेळी काढून घ्यावा. ज्यांनी मॅट रंग निवडला आहे त्यांनी मात्र पॉलिश किंवा चमक आणणारे वॅक्स कधीच लावू नये, कारण घासलेली जागा चकचकीत होते आणि तो डाग पुन्हा मॅट करता येत नाही; तेवढा भाग नव्याने रंगवावा लागतो.

शेवटी दगडाच्या टवक्यांबद्दल. खडीच्या रस्त्यावर आणि मोठ्या वाहनांच्या मागे अंतर ठेवून चालवले तरी कधीतरी टवका उडणारच. तो खालच्या पत्र्यापर्यंत गेला असेल तर ओलाव्याने गंज धरतो आणि आजूबाजूच्या चांगल्या रंगाखाली सरकत जातो. म्हणून रंगकाम करून घेतानाच रंगाचा सांकेतिक क्रमांक लिहून घ्यावा, उरलेल्या रंगातला थोडा घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्यावा, त्यात हार्डनर मिसळलेला नाही याची खात्री करावी, आणि टवका दिसला की ती जागा स्वच्छ व कोरडी करून बारीक ब्रशाने लगेच भरून टाकावी.