खोली क्रमांक २०३ मधल्या बिननावाच्या वह्या

(दृश्य: रिकामा वर्ग. बाकांच्या रांगा. फळ्यावर पुसलेल्या अक्षरांचे डाग.)

बाकांखालून, हातोहात फिरत एक कागद बाईंच्या हाती लागला. त्यावर वर्गातल्याच एका कृष्णवर्णीय मुलाचं चित्र होतं. काढणाऱ्याने त्याचे ओठ मुद्दाम अवाढव्य काढले होते. वर्ग खिदळत होता आणि तो मुलगा रडवेला होऊन बसला होता.

ही गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली. शहर लाँग बीच, शाळा वुड्रो विल्सन हायस्कूल. बाईंचं नाव एरिन ग्रुवेल. वय पंचविशीच्या आसपास, शिकवण्याचा अनुभव जवळजवळ नाही. त्या भडकल्या. म्हणाल्या, नाझींनी ज्यूंची अशीच चित्रं काढली होती, आणि पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. मुलं नुसती बघत राहिली. ज्यूंचा तो नरसंहार माहीत असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर जवळपास कुणाचाच हात वर गेला नाही. मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. तुमच्यापैकी कितीजणांवर आजवर गोळी झाडली गेली आहे?

बहुतेक सगळे हात वर गेले.

शाळकरी मुलं होती हो ती. 

(दृश्य: शहराचे रस्ते, बंदर, भिंतींवर टोळ्यांच्या खुणा.)

१९९२ च्या एप्रिलअखेर शेजारचं लॉस एंजेलिस पेटलं होतं. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांना ज्युरीने दोषी धरलं नाही, आणि दंगल उसळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्याची धग लाँग बीचलाही लागली. या शहरात कृष्णवर्णीय, मेक्सिकोतून आलेली, आणि कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेली कंबोडियन कुटुंबं एकमेकांना खेटून राहत होती. टोळ्या मात्र रंगावरून ठरत. कुठल्या गल्लीतून जायचं, कुठून नाही, हे पोरांना पाढ्यांसारखं पाठ. वर्गातही तीच वाटणी. ज्याने त्याने आपल्या लोकांत बसायचं.

पुढे १९९४ मध्ये ग्रुवेलबाईंकडे नववीचे वर्ग आले. ज्यांच्याकडून फारशी कुणाला आशा नव्हती, अशी मुलं. खोलीचा क्रमांक २०३.

(दृश्य: जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ. दोन्ही बाजूंना बूट.)

बाईंचा एक खेळ होता, रेघेचा. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ, दोन्ही बाजूंना मुलं. बाई प्रश्न विचारणार आणि ज्याला तो लागू पडेल, त्याने पुढे येऊन रेघेवर उभं राहायचं. सुरुवात गाण्यांपासून, सिनेमांपासून. हसतखेळत. हळूहळू प्रश्न खोल जातात. टोळीच्या भांडणात कुणाचा मित्र गेलाय? दोन गेलेत? तीन? त्याहून जास्त?

रेघेवर आता समोरासमोर कोण उभं आहे बघा. ज्याच्या गल्लीत पाऊल टाकलं तर मार पडेल, तोच. तोंडाने कुणी काही बोललेलं नाही. मला या खेळात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दुःख वर्णन करून सांगायची सक्ती नाही. नुसतं दोन पावलं पुढे यायचं.

मग पुस्तकं आली. वाचायला द्यायला पैसे नव्हते, म्हणून बाई शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात, हॉटेलात जास्तीचं काम करायच्या. मुलांनी नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली. युद्धात सापडलेल्या बोस्नियातल्या सारायेव्होत अकराव्या वर्षापासून डायरी लिहिणाऱ्या झ्लाता फिलिपोविचची डायरी वाचली आणि तिला पत्रं धाडली. १९९६ मध्ये झ्लाता खरोखर लाँग बीचला आली. वय पंधरा, यांच्याच बरोबरीची. तिथल्या एका कार्यक्रमात मोठ्या माणसांपैकी काहींनी तिला विचारलं, तू नेमकी कोण? त्या युद्धात लढणाऱ्यांपैकी क्रोएशियन, सर्बियन की मुस्लीम? ती म्हणाली, मी माणूस आहे.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. नवीन मुलगा वर्गात आला की आपण नाव विचारतो, आणि नाव कळलं तरी थांबत नाही. "पूर्ण नाव सांग ना. आडनाव काय?" ते कळलं की मनात कप्पा ठरतो, आणि पुढे तो मुलगा काहीही सांगू दे, आपण ते त्या कप्प्यातूनच ऐकतो.

(दृश्य: वह्यांची चळत. एका वहीवर नुसता आकडा.)

आणि म्हणून २०३ मधली पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलं आता स्वतः डायरी लिहू लागली होती. जॉन टू नावाच्या उद्योजकाने ३५ संगणक दिले. नोंदी टंकलेखन करून एकत्र करायच्या ठरल्या, तेव्हा त्यांवर नावं घातली नाहीत. नुसते क्रमांक. एकाची नोंद दुसऱ्याने वाचायची, शुद्धलेखन तपासायचं, वाक्यं नीट करायची. लिहिणारा कोणत्या रंगाचा, कुठल्या गल्लीतला, पत्ता नाही. बापाची दारू, तुरुंगातला भाऊ, घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार. दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करता करता कुणाला तिथे स्वतःचीच गोष्ट सापडली. इतकी वर्षं वाटत होतं, हे फक्त माझ्याच घरी घडतं.

१९६१ मध्ये वंशभेदाविरुद्ध बसने दक्षिणेत निघालेल्या फ्रीडम रायडर्सवरून मुलांनी स्वतःला नाव दिलं, फ्रीडम रायटर्स.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे पाहून कुणी उद्या वर्गात पोरांना उभं करून "सांगा आपापलं दुःख" म्हणेल, आणि घंटा झाली की गणिताचा तास सुरू होईल. असं करू नका. उघडं केलेलं मन तसंच टाकून जाता येत नाही. २०३ मध्ये त्याच बाई त्याच मुलांबरोबर चार वर्षं राहिल्या. आधी खेळ, मग दुसऱ्याची डायरी, मग स्वतःची, आणि नाव सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर.

(दृश्य: पुन्हा तोच वर्ग. आता बाकांवर मुलं.)

१९९८ मध्ये दीडशेच्या दीडशे मुलं शाळा पूर्ण करून बाहेर पडली. पुढच्या वर्षी त्यांच्या नोंदींचं पुस्तक निघालं. त्यात एका मुलाची नोंद आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकांना राहतं घर सोडावं लागलं. हातात पैसे नाहीत, कुठे जायचं ठाऊक नाही. शाळेचा पहिला दिवस उजाडला. जावं की न जावं करत तो आला, २०३ मध्ये पाऊल टाकलं, आणि त्याला वाटलं, आपण घरी आलो.

हा मुलगा कोणत्या रंगाचा होता, कुठल्या गल्लीतला, ते त्या पानावर नाही. वर फक्त क्रमांक छापलेला आहे.