घराचं काम कुणाच्या हाती द्यायचं?

श्रोतेहो, नमस्कार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आपल्या खान्देशात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, यंदा पावसाळ्याआधी घराचं काम काढायचं. मग ठेकेदाराची शोधाशोध.

आम्हीही काढलं होतं, अमळनेरजवळच्या आमच्या गावातल्या घराचं. तिघांनी दर सांगितले. सर्वांत कमी दराच्या माणसाला काम दिलं, वर निम्मे पैसे आगाऊ. भर मे महिन्यात प्लास्टर झालं. दोन दिवस पाणी मारलं आणि मिस्तरी दुसऱ्या कामावर निघून गेला. महिन्याभरात भिंतभर बारीक तडे उमटले. आई भिंतीवरून हात फिरवायची, तर तळव्याला वाळू लागायची.

आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ओल टिकली नाही तर सिमेंट ताकद धरत नाही. काँक्रीट अशा कोरड्या उन्हात किमान १० दिवस ओलं ठेवावं, फ्लाय अ‍ॅशचं, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस, असं भारतीय मानक सांगतं. म्हणून दर विचारण्याआधी ठेकेदाराला विचारा, पाणी कोण मारणार, किती दिवस, आणि टँकरचे पैसे कुणाचे? जो इथेच अडखळतो, त्याला काम देऊ नका.

त्याने केलेलं जुनं काम जरूर बघा, पण नवं कोरं नको. दोन पावसाळे काढलेलं घर बघा. मालकापेक्षा घरातल्या मावशींना विचारा, "घर पावसायामा गयस का?" म्हणजे पावसाळ्यात गळतं का. त्या खरं सांगतात. न्हाणीघराच्या भिंतीची मागची बाजू बघा, लोणा, म्हणजे ओलीमुळे येणारा पांढरा क्षार, लागलाय का ते लगेच दिसतं.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं अजून पुष्कळ आहेत. धाबं काढून त्याच मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकून देतो म्हणणारे भेटतात. ऐकू नका. त्या भिंती एवढं ओझं पेलणाऱ्या नसतात. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. जो आधी पाया उकरून बघतो आणि "इथं स्लॅब नको" असं तोंडावर सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

बोलणं कागदावर घ्या. काम मजुरीवर की मटेरियलसह, माप कसं धरणार, राडारोडा कोण उचलणार, सगळं लिहा. पैसे कामाच्या टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा.

आमचं ते घर नंतर दुसऱ्या मिस्तरींनी सावरलं. जुनं प्लास्टर खरवडून नव्याने केलं, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः पाइप धरून उभे राहिले. मृगाचा पहिला पाऊस रात्री पडला. सकाळी चहाच्या वेळेला ते न बोलावता दारात हजर. आधी गच्चीवर गेले, मग खाली येऊन प्रत्येक कोपऱ्याला हात लावून पाहिला. "आता उरलेले पैसे द्या," म्हणाले. आईने चहाआधी पैसे आणून दिले.