पालकत्वाचं पुस्तक घरात उतरवताना

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रंथालयात संसार, पालकत्व आणि प्रेम या विषयांचं एक कपाट हमखास असतं. पुष्कळदा एकाच लेखकाची तिन्ही विषयांवरची पुस्तकं तिथे शेजारी शेजारी लावलेली दिसतात. मूल कसं वाढवावं, नवरा-बायकोचं भांडण कसं मिटवावं, लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर जिव्हाळा कसा टिकवावा. ही पुस्तकं घरी येतात ती बहुधा काहीतरी बिनसल्यावर. दोन दिवसांत वाचून होतात आणि घर होतं तसंच राहतं. कादंबरीसारखं वाचायचं आणि गुण मात्र औषधासारखा यावा म्हणायचं, तिथे गाडी अडते. म्हणून आज बोलायचं आहे ते अशा पुस्तकातला सल्ला घरात उतरवायचा कसा, याबद्दल.

आधी निवड. आतल्या शीर्षकाच्या पानामागे पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि आवृत्ती दिलेली असते, ते पान आधी बघा. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली मुलांना कुशीत घेऊ नका, त्यांचे लाड करू नका, असं ठासून लिहिलं होतं. तेव्हा तो शास्त्रीय सल्ला मानला गेला. आज कोणताही बालमानसतज्ज्ञ तसं सांगणार नाही. त्याहून गंभीर उदाहरण डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं. त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि पालकांना धीर देणारं म्हणून जगभर वाचलं गेलं. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर त्याच्या आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला आला. कारण दिलं होतं की उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल. तर्क पटण्यासारखा होता, पण चुकीचा होता. पालथं झोपवल्याने बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे पुढे अभ्यासांतून स्पष्ट झालं. अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणं झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकात असं घडलं. त्यामुळे झोप, आहार, औषध याबद्दलचा सल्ला जुन्या आवृत्तीतून कधीही घेऊ नका.

दुसरं, लेखक कशाच्या बळावर लिहितो आहे ते शोधा. संशोधनाच्या, सल्लागार म्हणून पाहिलेल्या कुटुंबांच्या, की फक्त स्वतःच्या घरातल्या अनुभवाच्या? तिन्हींतून शिकता येतं, पण तिघांचं वजन सारखं नसतं. बालरोगतज्ज्ञाला लसीकरण आणि वाढीचे टप्पे पक्के ठाऊक असतात. जोडप्यांच्या रुसव्याफुगव्यांबद्दल तो तितक्याच अधिकाराने लिहीत असेल असं नाही. ‘सगळ्या मुलांना लागू’ असं म्हणणाऱ्या पुस्तकापासून जरा लांबच राहा. चांगला लेखक वय सांगतो आणि उपाय कुठे चालत नाही तेही सांगतो.

‘२१ दिवसांत सवय बदला’ हा दावाही तपासून घ्यावा असा आहे. लंडनमध्ये झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधी रोजची सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसांत हा आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे तीन आठवड्यांत जमलं नाही तर तुमच्यात खोट आहे असं मुळीच समजू नका.

आता मुख्य काम. पुस्तक एकदा भराभर वाचून घ्या. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि एकच वागणूक निवडा. ती डोळ्यांना दिसणारी आणि मोजता येणारी हवी. ‘उद्धटपणा’ मोजता येत नाही. ‘जेवायला तीन हाका मारल्या तरी न येणं’ मोजता येतं. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यावर आपण काय केलं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जड जातो, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. समजा तिथे असं दिसलं: स्वयंपाकघरातून पहिली हाक, दुसरी हाक, तिसऱ्या हाकेला आवाज चढला, मग बाबा येऊन म्हणाले, ‘बरं, अजून दहा मिनिटं खेळ.’ यातून मूल नेमकं काय शिकलं? पहिल्या दोन हाका मोजायच्या नाहीत, आणि तिसरीनंतर दहा मिनिटं जास्तीची मिळतात.

दुसऱ्या आठवड्यापासून पुस्तकातला उपाय. सूचना देण्याची बहुतेक चांगल्या पुस्तकांत येणारी पद्धत अशी: हातातलं काम ठेवून मुलाजवळ जा. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या. नाव घ्या, एकच गोष्ट सांगा, आणि काय करायचं ते सांगा, काय करायचं नाही ते नको. ‘पसारा करू नकोस’ ऐवजी ‘ठोकळे डब्यात टाक.’ ‘जेवायला येतोस का?’ असं विचारूच नका, कारण प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. मग पाच सेकंद गप्प राहा. हे पाच सेकंद पालकांना फार लांब वाटतात आणि ते मध्येच दुसरी सूचना देऊन मोकळे होतात. तिथे पहिली सूचना वाया जाते. मूल उठलं की लगेच, तिथल्या तिथे, त्याने काय बरोबर केलं ते सांगा: ‘एका हाकेत उठलास, छान.’ नुसतं ‘हुशार आहेस’ म्हणू नका. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुलं नंतर सोपी कामं निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली.

बिनसतं कुठे? सगळ्यात जास्त घरं सुरुवातीच्या दिवसांतच माघार घेतात. रडून, ओरडून मिळणारी गोष्ट अचानक मिळेनाशी झाली की मूल आधी जास्त जोराने रडतं. हे अपेक्षित आहे. जुना मार्ग ते एकदा पूर्ण ताकदीने वापरून बघतं. त्याच क्षणी आपण नमलो, तर मुलाला कळतं की जोर वाढवला की काम होतं, आणि पुढचे दिवस आधीपेक्षा अवघड जातात. म्हणून परीक्षा, आजारपण, घरात नवं बाळ किंवा पाहुणे असताना काही नवं सुरूच करू नका. आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांचं आधी एकमत होऊ द्या. आई एक सांगते आणि आजी हळूच दुसरं करते अशा घरात उपाय लंगडा पडतो. त्यात आजीचा दोष नसतो, तिला कुणी विश्वासात घेतलेलंच नसतं.

दुसऱ्याच्या मुलाला लागू पडलेला उपाय आपल्याकडे फसतो, याचंही कारण आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अगदी लहानपणापासून मुलांचे स्वभाव वेगळे दिसतात: कुणी सहज जुळवून घेतं, कुणी नव्या गोष्टीला आधी नकार देऊन सावकाश मोकळं होतं, कुणी प्रत्येक बदलाला कडाडून विरोध करतं. सावकाश मोकळ्या होणाऱ्या मुलावर ‘एका दिवसात बदल’ छापाचा उपाय लादला की ते आणखी मिटतं. त्याला उद्या काय होणार ते आज सांगून ठेवावं लागतं.

आता जोडप्यांची पुस्तकं. इथे एक चूक वारंवार होते. एक जण पुस्तक वाचतो आणि दुसऱ्याला दाखवतो: ‘बघ, लिहिलंय, तू अगदी असाच आहेस.’ तिथून पुढे दुसरा ते पुस्तक हातातही घेत नाही. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, प्रकरण वेगवेगळं वाचा, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःला लागू पडणाऱ्या ओळींखाली रेघ मारा. जोडीदाराबद्दलच्या ओळींना हात लावायचा नाही. मग बोलायला बसा.

भांडणाची सुरुवात कशी होते यावर बरंच अवलंबून असतं. ‘तू कधीच मदत करत नाहीस’ याला उत्तर म्हणून समोरून बचावच येणार. ‘काल भांडी तशीच राहिली, मला एकटीलाच सगळं ओढावं लागतंय असं वाटलं, आज तू आवरशील का?’ यात घटना, भावना आणि मागणी तिन्ही आहेत. जोडप्यांचा दीर्घ अभ्यास केलेले जॉन गॉटमन सांगतात की डोकं तापलं की निदान २० मिनिटं थांबावं, शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. पण उठून जाताना परत कधी बोलायचं ते सांगून जा. न सांगता गेलात तर मागे राहिलेल्याला ते टाकून जाणं वाटतं. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचे मुद्दे जुळवत बसलात, तर थांबण्याचा उपयोग शून्य.

प्रेमाच्या पाच भाषांची कल्पना १९९२ पासून फार लोकप्रिय आहे: कौतुकाचे शब्द, एकत्र वेळ, भेटवस्तू, मदत आणि स्पर्श, यांपैकी एखाद्या भाषेतून प्रत्येकाला प्रेम जास्त जाणवतं, असं ती म्हणते. दोघांची भाषा जुळली की सुख वाढतं, याला संशोधनातून भक्कम आधार मिळालेला नाही. तरी तिच्यातला एक प्रश्न उचलण्यासारखा आहे: ‘मी काय केलं की माझं तुझ्याकडे लक्ष आहे असं तुला वाटतं?’ तो सरळ विचारा. जोडीदाराने ओळखावं म्हणून वाट बघत बसलात, तर साध्या प्रश्नाची परीक्षा होते आणि दोघंही नापास होतात.

एकाच लेखकाची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट जाणवते. एक म्हणतं संध्याकाळ मुलांना द्या, दुसरं म्हणतं संध्याकाळ एकमेकांना द्या. संध्याकाळ एकच असते. ही गाठ मुलाच्या झोपेपासून सोडवता येते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास. सकाळच्या उठण्यापासून उलटं मोजून झोपायची वेळ ठरवा आणि ती सुट्टीच्या दिवशीही शक्यतो पाळा. मुलाची गरजही भागते आणि दोघांना रात्रीची पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्या वेळात मुलं आणि पैसे हे दोन विषय बाजूला ठेवा.

शेवटची गोष्ट, जिथे पुस्तक वापरूच नये. घरात मारहाण असेल, एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, तर मोकळेपणाने मन उघडं करण्याचे व्यायाम धोक्याचे ठरतात, कारण सांगितलेली गोष्ट पुढे त्याच माणसाविरुद्ध वापरली जाऊ शकते. तिथे आधी सुरक्षितता बघायची आणि मदत मागायची. मूल बोलायला शिकलेले शब्द विसरू लागलं, आठवडेच्या आठवडे नीट जेवत-झोपत नसेल किंवा जगण्याबद्दल निराश बोलू लागलं, तर पुढचं प्रकरण वाचत थांबू नका. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे जा, आणि जाताना ती चार रकान्यांची वही बरोबर न्या. कोणत्या वेळी, कशानंतर, काय घडलं हे पहिल्याच भेटीत विचारलं जातं.