पोट आत जाण्याआधी

आशाताईंनो, हल्ली बाळंतिणीच्या फोनवर व्यायामाचा पहिला व्हिडिओ येतो तो 'पोट कमी करा' असा. उताणं झोपून झटक्यानं उठायचं, तीस वेळा. हे तिनं पंधराव्या दिवशी करू नये, एवढं तिला पटवा.

गरोदरपणात पोटाच्या मधल्या दोन उभ्या स्नायूंत फट पडते. तिच्यावर जोर आला की बेंबीपाशी उंचवटा दिसतो आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब वाढतो. तेच सैल असतील तर शिंकताना, खोकताना लघवी निसटते. बाया लाजेपायी बोलत नाहीत, वर्षानुवर्षं सोसतात. म्हणून तुम्हीच विचारा.

सुरुवात श्वासापासून. नाकानं श्वास घेताना पोट फुगू द्यायचं. सोडताना लघवी आणि वायू एकदम रोखल्यासारखं आतून वर ओढायचं. मांड्या, ढुंगण आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाजायला बसली की करावं, म्हणजे विसरत नाही. लघवीची नळी असेल तर ती निघेपर्यंत थांबायचं. धार अडवून मात्र सराव नको, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

सिझर झालेलीनं कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठावं. खोकताना टाक्यांवर घडी केलेलं लुगडं दाबून धरावं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पंधरा लिटरचा भरलेला गुंड म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो! वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं तर दूरच. हे सासूलाही ऐकू द्या.

आता फोनचं. गावात रेंज धड नसते, फोन नवऱ्यासोबत वावरात जातो. म्हणून व्हिडिओ कॉलच्या भरवशावर राहू नका. गृहभेटीला, म्हणजे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाल, तेव्हा व्यायामाचा व्हिडिओ तिच्या फोनमध्ये उतरवून द्या आणि मधल्या दिवसांत साधा कॉल करा, नवरा घरी येण्याची वेळ ठरवून. पहिलटकरीण माहेरी गेली असेल तर तिथला नंबर आधीच घेऊन ठेवा.

कॉलवर आधी धोका विचारायचा. तासाभरात पॅड पूर्ण भिजतं का? ताप, घाण वास? एकच पोटरी सुजून दुखते? डोकं फार दुखून डोळ्यांपुढं धूसर होतं? दम लागतो? एकाही प्रश्नाला 'हो' आलं, तर व्यायाम बंद आणि लगेच दवाखाना. गरज पडली तर १०८.

शेवटी मन. पहिले काही दिवस रडू येणं साधारण आहे, दोन आठवड्यांपुढं उदासी टिकली तर नाही. फोन स्पीकरवर असतो, शेजारी माणसं असतात. म्हणून उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येईल असं विचारा. बाळ झोपल्यावरही झोप येत नाही का? स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटते का? यातल्या दुसऱ्याला 'हो' आलं तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्याकडे आधीपासून लिहिलेला असू द्या.