पाडव्याची सुपारी

श्रोतेहो, नमस्कार.

पाडवा जवळ आला की तुमच्या-आमच्या घरी गुढीची काठी शोधायची धांदल सुरू होते. माझ्या ओळखीची काही घरं अशी आहेत, की तिथे काठीच्या आधी फोन फिरतो. "राहुट्या लागल्या का?"

राहुट्या म्हणजे नारायणगावच्या. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं हे गाव. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड इथे आपापल्या राहुट्या ठोकतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. सुपारी म्हणजे खेळाचं बुकिंग. हल्ली या शब्दाला भलताच वास येतो, पण फडात अजून तो जुन्या, शुभ अर्थानेच चालतो.

लावणी आणि तमाशाच्या जगातल्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचता त्या बहुतेक भांडणाच्या. कुठे गर्दी आवरली नाही, कुठे खुर्च्या मोडल्या, कुणी कुणाला अश्लील म्हटलं. या लोकांच्या स्वतःच्या बातम्या निराळ्या असतात आणि त्या ऐकायच्या तर राहुटीतल्या सतरंजीवर जाऊन बसावं लागतं. मी जमेल तेव्हा जातो. आज तिथलंच थोडं सांगणार आहे.

राहुटी बाहेरून बघितली तर साधी. बांबू, कापड, दारात फडाच्या नावाचा मोठा फ्लेक्स, त्यावर मालकाचा फोटो आणि कलावतींच्या नऊवारीतल्या तसबिरी. आत सतरंजी, पाण्याचा जार, चहाचे कागदी कप आणि मॅनेजरच्या मांडीवर डायरी. डायरीशेजारी पंचांग. पंचांग का, तर यात्रा तारखेवर नसते, तिथीवर असते. कमिटीतला टोपीवाला म्हातारा म्हणतो, "आमची काळाष्टमी." मॅनेजर पंचांग उघडतो, बोट फिरवतो, तारीख काढतो आणि मग डायरीचं ते पान उघडून गंभीर चेहरा करतो. पान भरलेलं असलं तरी गंभीर, कोरं असलं तर जास्तच गंभीर.

चैत्र पौर्णिमा आणि चैत्र वद्य अष्टमी, म्हणजे काळाष्टमी, या दोन तिथी सोन्याच्या. कितीतरी गावांचा भैरवनाथ, कितीतरी गावांचा मारुती याच दिवसांवर. गावं शेकडो आणि मोठे फड बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवसाचा भाव चढणारच. चार दिवस पुढे-मागे गेलात तर तोच फड, त्याच बाया, तोच वग, म्हणजे तमाशातलं नाटक, बऱ्याच कमी पैशांत मिळतो. पण देवाला कोण सांगणार, की तुझी तिथी जरा सरकव?

मोठ्या फडाची सुपारी लाखांत जाते, हे ऐकून लोक डोळे विस्फारतात. त्यांनी जरा हिशेब ऐकावा. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी करणारा, मागे सूर धरणारे झीलकरी, पडदे ओढणारी पोरं, आचारी, ड्रायव्हर, वायरमन. ट्रक वेगळे, डिझेल वेगळं. रात्री एका गावात खेळ, पहाटे सामान भरायचं, दुपारी दुसऱ्या गावात कनात ठोकायची. काही गावांना वर सकाळची हजेरीही लागते. रात्रीचा मेकअप उतरवून तास-दोन तास पाठ टेकली न टेकली, की देवळापुढे पुन्हा गाणं. त्यानंतर दुपारी कुस्त्या. कमिटीवाला भाव करताना शेवटी हमखास म्हणतो, "आणि हजेरी त्यातच धरा बरं का." हे "त्यातच धरा" मला दरवेळी टोचतं.

हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. उरलेले पावसाचे दिवस कसे जातात? उचलीवर. कलावंत मालकाकडून पुढच्या हंगामाची रक्कम आधीच उचलतो आणि नाचून, गाऊन ती फेडतो. मालक ती सावकाराकडून आणतो. म्हणजे दसऱ्याला पहिला गण, गणपतीचं नमन, होतं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर काही ना काही असतंच. ते उतरतं चैत्रात, यात्रांच्या जोरावर. पाडवा हुकला तर वर्ष हुकलं.

आणि तो हुकलाही होता. सगळ्या देशाने टाळेबंदी सोसली, पण या मंडळींना तिने कसं गाठलं ते पाहा. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला आणि देश बंद झाला तोही त्याच दिवसापासून. बरं, एक वर्ष गेलं म्हणावं. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता राज्यात पुन्हा कडक निर्बंध. सलग दोन चैत्र गेले. राज्यातले निर्बंध पुरते उठले ते २ एप्रिल २०२२ ला, आणि तोही पाडवाच! एखाद्या वगात हे लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीतरीच जुळवून आणलंय.

त्या मधल्या काळात ढोलकी खुंटीला गेली. कुणी भाजी विकली, कुणी मजुरीला गेलं. फडाचे ट्रक उभ्या उभ्या गंजले. २०२१ च्या मे महिन्यात तमाशातल्या थोर कलावती कांताबाई सातारकर संगमनेरला कोरोनाने वारल्या. ज्या बाईच्या नावावर गावं लोटायची, तिला निरोप द्यायलाही माणूस जाऊ शकला नाही. तेव्हा बसलेले काही छोटे फड पुन्हा उभेच राहिले नाहीत. त्यांची बातमी छापून आली नाही. राहुटी लागली नाही, एवढीच काय ती बातमी.

आता जरा घड्याळाकडे वळू या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तमाशाला सर्वांत जास्त कुणी बदललं असेल, तर ते सिनेमाने नाही, टीव्हीनेही नाही. रात्री दहाच्या ठोक्याने. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातून काही दिवस, फार तर पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र, वर्षअखेर यांत संपतात. एखाद्या वाडीच्या भैरवनाथाला त्यातला दिवस कुठून मिळणार?

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माझ्याही घराशेजारी लग्नाचा हॉल आहे. पण त्याने खेळाचं काय झालं ते बघा. तमाशाची बांधणी ठरलेली. आधी गण, मग गवळण, त्यात पेंद्या आणि मावशीची विनोदी बतावणी, मग रंगबाजी म्हणजे लावण्या, आणि शेवटी वग. वग म्हणजे पूर्ण नाटकच. कवलापूरची काळू-बाळू ही जोडी वगात उभी राहिली की माणसं तांबडं फुटेपर्यंत जागची हलत नसत. आता गावची जेवणं उरकून, मिरवणूक संपून माणसं जमतात तेव्हाच साडेआठ होतात. गण-गवळण झाली, दोन लावण्या झाल्या, की पोलीसपाटील घड्याळ दाखवतो. मग कापायचं काय? वग. वग गेला की सोंगाड्याचं काम गेलं, वगाचा नायक गेला, गद्य पाठ असणारे म्हातारे कलावंत गेले. उरली नुसती गाणी. आणि नुसतीच गाणी करायची, तर शंभर माणसांचा फड कशाला? सहा पोरी आणि एक स्पीकर पुरे, असं कमिटीला वाटतं. नाचणाऱ्या पोरींना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी बघावा.

हे झालं ढोलकी फडाचं. दुसरं घराणं संगीत बारीचं. ही मंडळी गावोगाव फिरत नाहीत, थिएटरात राहतात. दौंडजवळचं चौफुला, सोलापूरकडचं मोडनिंब, नगरकडचं जामखेड, पुण्यातलं आर्यभूषण ही त्यांची नावाजलेली ठिकाणं. एका थिएटरात अनेक पार्ट्या, प्रत्येकीची आपली बारी, म्हणजे पाळी, म्हणून संगीत बारी. पार्टीची मालकीण बाईच असते. नावं बघा: वाईकर, पंढरपूरकर, नगरकर. गावाचं नाव लावणाऱ्या या बाया. कित्येकींना त्या गावाने घर कधी दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

इथली खरी लावणी बैठकीची. बाई बसून गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा रुसून, मग लटक्या रागाने, मग नुसत्या भुवईने. यमुनाबाई वाईकर या कलेची शेवटची मोठी सावली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली शंभरी ओलांडून त्या गेल्या. आम्ही रेडिओवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? लावणी लावायची तर तीन मिनिटांत बसवतो. अदा करायला तीन मिनिटांत जागा कुठली?

आता तिथे डीजे शिरलाय. एकदा एका थिएटरात दुपारी गेलो होतो. बाहेर उन्हात ढोलकी उभी करून ठेवली होती, पान, म्हणजे तिचं कातडं, सादळलं होतं म्हणून. वादक म्हातारा. तो दोरीतल्या कड्या एकेक करून सरकवत होता, टिचकी मारून ऐकत होता, पुन्हा सरकवत होता. चांगली वीस मिनिटं गेली. आतून त्याच वेळी स्पीकरवर सिनेमातलं गाणं दणदणत होतं. आतल्या खोलीत एक मुलगी पायाला फडक्याची पट्टी गुंडाळून त्यावर चाळ बांधत होती. घुंगरांच्या रांगांवर रांगा. बांधण्याआधी तिने चाळ कपाळाला लावला. मी विचारलं, "डीजेवर नाचायचंय, तर चाळ ऐकू तरी येतो का?" ती हसली. म्हणाली, "लोकांना न्हाई येत, दादा. मला येतो."

स्पीकरवरचं गाणं साडेचार मिनिटांचं असेल तर ते साडेचार मिनिटांतच संपतं. बाईला कितीही रंग चढो, ते थांबत नाही, लांबत नाही. ढोलकीवाल्याची नजर मात्र पायावर असते. पाय अडला की तो तोडा धरून ठेवतो. समोरून फर्माईश आली की तीच ओळ फिरवून आणतो. हे दोघांचं बोलणं आहे. डीजेवर एकच जण बोलतो, आणि तो यंत्र असतो.

अश्लीलतेची ओरड नवी नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदीच होती. ती उठली तेव्हा वगाची संहिता तपासून घ्यायची अट आली. तेव्हाही बंदी नाचणारीवर होती, बघणारावर नव्हती. आजही चर्चा नाचणारीचीच होते. नोटा उधळणाऱ्या हाताचा फोटो कुणी छापत नाही.

सगळंच उतरणीला लागलंय असं मात्र समजू नका. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो आणि तिथे माणूस उभं राहायला जागा शोधत असतो. अकलूजच्या लावणी स्पर्धेने एका अख्ख्या पिढीला ताठ मानेने मंचावर आणलं. तिथे बायका, घरच्या लेकीसुना समोर बसून लावणी बघायला लागल्या, हे छोटं काम नव्हे. राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने दिला जातो. वृद्ध कलावंतांचं मानधन २०२४ पासून महिना ५,००० रुपये झालं. फक्त त्यासाठी कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्या बाईने तीस वर्षं रात्री रात्री काढल्या, तिने कुठल्या जत्रेची पावती जपून ठेवली असेल?

तर मी राहुटीतलं सांगत होतो. सतरंजीवर साताऱ्याकडच्या एका गावाची कमिटी बसली होती. पाचजण. भाव ठरला, विसार दिला, हजेरीही "त्यातच" बसली. डायरीत लिहून झालं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या फडाच्या मालकीणबाई पहिल्यांदा बोलल्या. "पाटील, वग लावायचा का नुसती गाणी?"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला सर्वांत तरुण, मोबाईलवाला, म्हणाला, "गाणीच बरी, अक्का. पोरं वगाला थांबत न्हाईत."

टोपीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"वग लावा," तो म्हणाला. "पण दहाच्या आत उरकंल असा बघा."

मॅनेजरने डायरी पुन्हा उघडली. काळाष्टमीच्या पानावर, रकमेच्या खाली, त्याने लिहिलं: वग आहे. आणि मग कंसात, बारीक अक्षरात: छोटा.

नमस्कार.